दर शुक्रवारी ही नवी गाणी येतात कुठून?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. माझं ऐकणं म्हणजे किशोरीताई, कुमारजी, मदनमोहन आणि आरडी. मुलगी बंगळूरला असते. ती दर शुक्रवारी रात्री चार-पाच नवी गाणी पाठवते, ‘बाबा, ऐका’ म्हणून. ॲपवर त्या गाण्यांवर ‘इंडी’, ‘ऑल्टरनेटिव्ह’, ‘इलेक्ट्रॉनिक’ असे शिक्के असतात. पण एकाच शिक्क्याखालची दोन गाणी एकमेकांच्या नात्यातली वाटत नाहीत. हे खाने केले कोणी? गाणी सुचवतं कोण, माणूस की यंत्र? आणि मला यातलं काही आवडून घ्यायचं असेल तर सुरुवात कुठून करू? मुलीला विचारलं तर म्हणते, ‘नुसतं ऐका हो, व्याख्या काय करायचीय!’
एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीचं ऐकाच. पण तुमची शंका रास्त आहे. ती गाणी एकमेकांच्या नात्यातली वाटत नाहीत, कारण ती नसतातच. हे तीन शिक्के तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या कामांसाठी केले. पहिला रेकॉर्ड दुकानांत पोचवणाऱ्यांचा, दुसरा रेडिओवाल्यांचा आणि तिसरा वाद्यांवरून पडलेला. गाणं कानाला कसं लागतं, याच्याशी त्यांचा संबंध योगायोगाचाच.

इंडीची गोष्ट मालवाहतुकीची आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने १९७७च्या जानेवारीत सुमारे ५०० पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या छपाईत हजार प्रती होत्या, त्या संपल्या आणि पुढे हजारोंनी खपल्या. कंपनीच्या दारात उभं न राहताही रेकॉर्ड निघते, हे इंग्लंडभरच्या पोरांना कळलं. अडचण पुढे होती. रेकॉर्ड घरी तयार झाली, पण गावोगावच्या दुकानांत ती नेणार कोण? मोठ्या कंपन्यांच्या गाड्या त्यांचाच माल नेत. १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘रफ ट्रेड’ या दुकानाने आणि इतर शहरांतल्या तसल्याच दुकानदारांनी मिळून मग आपली वेगळी वितरणसाखळी उभी केली. १९८०च्या जानेवारीत या मालाच्या खपाची वेगळी साप्ताहिक यादी छापून येऊ लागली. यादीत शिरायचा नियम एकच : रेकॉर्ड मोठ्या कंपनीच्या वितरणातून आलेली नसावी.

या नियमाची गंमत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी झाली. कायली मिनोगची गुळगुळीत नाचगाणी ज्या कंपनीने काढली, तिचं वितरणही स्वतंत्र होतं. त्यामुळे गॅरेजमध्ये गिटार बडवणाऱ्या पोरांच्या शेजारी, त्याच इंडी यादीत, कायलीबाई दिमाखात बसल्या. शिक्का मारणाऱ्याने नियम पाळला होता, त्याला बोल लावता येत नाही.

आपल्याकडे हाच शब्द आला तेव्हा त्याने निराळंच काम पत्करलं. भारतात इंडी म्हणजे व्यवहारात ‘सिनेमातलं नाही ते’. गोव्याच्या किनाऱ्यावर वाजणारा बँड इंडी, दिल्लीतला गिटारवाला इंडी, आणि २०२४ साली लग्नाच्या वरातींतून ज्याने कान किटवले ते संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ही त्याच हिशेबाने इंडी. मराठी माणसाला सिनेमाबाहेरच्या गाण्याचं अप्रूप वाटायचं खरं तर कारण नाही. जी. एन. जोशी आणि गजाननराव वाटव्यांपासून आपल्याकडे भावगीत आहे. फरक एवढाच की भावगीत तबकडीवर आलं ते बहुधा एचएमव्हीच्या. म्हणजे मुंबईच्या व्याख्येने भावगीत इंडी आणि लंडनच्या व्याख्येने नाही. यावरून वाद घालायची हौस असेल त्याने खुशाल घालावा.

‘ऑल्टरनेटिव्ह’चं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांवर जे वाजे आणि मोठ्या केंद्रांवर वाजत नसे, ते ऑल्टरनेटिव्ह. ‘बिलबोर्ड’ने १९८८च्या सप्टेंबरात त्यासाठी वेगळी यादी सुरू केली. तीन वर्षांनी निर्व्हाना या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि जानेवारी १९९२मध्ये त्याने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं. त्या दिवशी त्या शिक्क्याचा मूळ अर्थ संपला. आज तो ‘गिटार आहे, पण फार गोड नाही’ इतपतच सांगतो. इलेक्ट्रॉनिक हा शिक्का तिघांत प्रामाणिक, निदान आवाज कशातून निघतो ते सांगतो. पण डोना समरचं ‘आय फील लव्ह’ १९७७ साली जवळजवळ सगळंच्या सगळं सिंथेसायझरवर उभं राहिलं, त्यालाही आता किती वर्षं झाली. आजच्या कुठल्या गाण्यात संगणक नसतो?

आता तुमचा दुसरा प्रश्न, माझ्या मते खरा. सुचवतं कोण?

तुम्ही-आम्ही वाढलो ते अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाले’वर. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन. पण सयानी गाणी सुचवत नसत. देशाला काय आवडलं त्याची मोजदाद सांगत. त्याच्या अगदी उलट काम बीबीसीच्या ‘रेडिओ १’वर जॉन पील करत होता, १९६७पासून थेट २००४ साली मरेपर्यंत. कोणालाच माहीत नसलेलं गाणं रात्री उशिरा लावायचं, हा त्याचा धंदा. पोत्यांनी येणाऱ्या कॅसेटी आणि रेकॉर्डी तो स्वतः ऐके. बेलफास्टच्या एका छोट्या दुकानदाराने काढलेलं ‘टीनेज किक्स’ हे ‘द अंडरटोन्स’चं गाणं १९७८ साली त्याला इतकं आवडलं, की त्याने ते लावलं आणि संपल्यावर लगेच पुन्हा लावलं. डेरी गावातली ती पोरं त्या महिन्यात देशाला माहीत झाली. पील पुष्कळदा कंटाळवाणंही लावायचा. पण ऐकणाऱ्याला एक ठाऊक असे : हे या माणसाला आवडलंय, आणि त्याने नाव लावून सांगितलंय.

यंत्राचं तसं नाही. ‘स्पॉटिफाय’ने जुलै २०१५मध्ये दर सोमवारी तीस गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली. यातलं मुख्य तत्त्व सोपं आहे. लाखो लोकांनी आपापल्या याद्यांत जी दोन गाणी शेजारी ठेवली, त्यांतलं एक तुम्हाला आवडलं तर दुसरं तुमच्यापुढे सरकवायचं. जुन्या गाण्यांसाठी ही युक्ती झकास चालते. मदनमोहन ऐकणाऱ्याला ती बरोबर जयदेवांकडे नेईल. पण आज सकाळी आलेलं गाणं अजून कोणाच्याच यादीत नसतं. यंत्राकडे पुरावाच नाही. संगणकाच्या शास्त्रात याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. मग गाण्याची लय, पट्टी, आवाजाचा पोत यांचं गणित मांडून अंदाज बांधायचा, नाहीतर कंपनीच्या पगारी संपादकांनी यादीत घातलं तर घालायचं. त्या संपादकांकडे गाणं निदान सात दिवस आधी पोचवावं, असं कलाकारांना सांगितलेलं असतं. म्हणजे ज्या कामासाठी आपण यंत्रावर विसंबतो, नेमकं नवं गाणं शोधण्याचं, त्यातच ते सगळ्यात कच्चं आहे.

शिवाय एक गोष्ट ऐकणाऱ्यांना सहसा माहीत नसते. त्याच कंपनीच्या ‘डिस्कव्हरी मोड’ नावाच्या सोयीत कलाकार किंवा त्याची कंपनी आपल्या गाण्याला थोडा पुढचा नंबर मिळवू शकते. बदल्यात त्या वाटेने आलेल्या ऐकण्यांच्या मानधनातले ३० टक्के सोडायचे. एक गाणं संपल्यावर दुसरं ‘आपोआप’ सुरू होतं ना, ते दर वेळी आपोआपच असेल असं नाही.

शुक्रवारचं कोडंही इथेच सोडवून टाकू. पूर्वी नव्या रेकॉर्डी ब्रिटनमध्ये सोमवारी येत, अमेरिकेत मंगळवारी. इंटरनेट आल्यावर एका देशात निघालेलं गाणं दुसऱ्या देशात चोरून आधीच पोचू लागलं. म्हणून १० जुलै २०१५पासून जगभर एकच वार ठरला. तेव्हापासून दर शुक्रवारी गाण्यांचा लोंढा येतो, आणि तुमच्या मुलीसारखे लोक रात्री तो उपसत बसतात.

तरीही एखादं गाणं या सगळ्याला वळसा घालून पोचतं. २९ मार्च २०२४ला कॅनडाच्या पॅट्रिक फ्लेगेलने ‘सिंडी ली’ या नावाने ‘डायमंड ज्युबिली’ काढला. बत्तीस गाणी, दोन तास. कोणत्याही ॲपवर नाही. यूट्यूबवर दोन तासांचा एकच सलग तुकडा, आणि विसाव्या शतकातून उचलून आणल्यासारखं दिसणारं एक ओबडधोबड वेबपान. तिथून फायली उतरवून घ्यायच्या, वाटलं तर ३० कॅनेडियन डॉलर पाठवायचे. गाणी सुचवणाऱ्या कुठल्याही यंत्राला या रेकॉर्डचा पत्ता लागण्याची सोयच नव्हती. माणसांनी माणसांना सांगितलं. एप्रिलमध्ये ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या वेबसाइटने दहापैकी ९.१ गुण दिले आणि वर्षाच्या शेवटी ती अनेकांच्या यादीत वर होती. गाणी कशी आहेत? साठच्या दशकातल्या अमेरिकन मुलींच्या गटांची गाणी शेजारच्या बिऱ्हाडातल्या जुन्या रेडिओवरून भिंतीपलीकडून ऐकू यावीत, तशी. सगळी बत्तीस चांगली नाहीत. दहा-बारा फार चांगली आहेत, आणि माझ्या मते ती निवडण्याचं काम ऐकणाऱ्यावर सोडणं हा आगाऊपणाच आहे. पण चालतो.

म्हणून सांगतो : यादी निवडू नका, सुचवणारा निवडा. सिएटलचं केईएक्सपी, लंडनचं एनटीएस, दिल्लीचं बॉक्सआउट, ही इंटरनेटवर फुकट ऐकता येणारी रेडिओ केंद्रं आहेत आणि प्रत्येक कार्यक्रमामागे नाव असलेला माणूस आहे. ज्याची दहातली तीन गाणी तुम्हाला आवडतील त्याला धरून ठेवा. दहाच्या दहा आवडणारा सापडला तर तो तुम्हाला नवीन काहीच देत नाहीये असं समजा.

सुरुवात मात्र तुमच्या कानाला जवळच्या दारातून करू. सगळ्यात आधी ‘प्रॉमिसेस’. २०२१ साली आली. मेंदूविज्ञानात डॉक्टरेट केलेला इंग्रज संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, तेव्हा ऐंशीच्या घरातले अमेरिकन सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स, आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. नऊ भाग, ४६ मिनिटं. मोजक्या स्वरांची एकच लहानशी आकृती पुन्हा पुन्हा येते आणि तिच्याभोवती सँडर्स सावकाश बढत करत जातात. एका भागात वाद्य बाजूला ठेवून नुसता गळा, शब्दाविना. किशोरीताईंचा विलंबित ज्याने मांडी न मोडता ऐकलाय, त्याला इथे ठेहरावाची अडचण येणार नाही. उलट विशीतल्या मुलांना येते. त्यानंतर लंडनच्या नाला सिनेफ्रोची ‘एण्डलेसनेस’, २०२४ची. हार्प आणि सिंथेसायझर, दहा भाग, आणि सगळ्यांतून वाहणारी स्वरांची एकच फिरती माळ.

मग ‘फोर टेट’. याचं खरं नाव किरन हेब्डन, आईकडून भारतीय वंशाचा. २०१५च्या ‘मॉर्निंग/ईव्हनिंग’मध्ये वीस-वीस मिनिटांच्या दोनच बाजू आहेत आणि सकाळच्या बाजूवर ‘सौतन’ चित्रपटातल्या लताबाई आहेत. लताबाईंचा आवाज उचलून खाली ठोका घालणाऱ्यांचा मला राग आहे. इथे राग येत नाही. ठोका आवाजाच्या आड येत नाही, आणि लताबाई गेल्यावरही त्यांची जागा रिकामी ठेवली जाते. आवडलं तर त्याचीच २०२४ची ‘थ्री’ घ्या.

दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीची ‘बीटा’ही २०२४चीच. ‘फ्लॉवर्स आर ब्लूमिंग’ पहिल्यांदा ऐका. सूर्यकांत साहनीचा आवाज जुन्या क्लबातल्या गायकासारखा आहे, तुमच्यातल्या आरडीवाल्याला तो पटावा. मराठीत हवं असेल तर मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटाचं २०१९चं ‘द वारली रिव्होल्ट’. आरेच्या जंगलातल्या आदिवासींचं गाऱ्हाणं, आणि ते सांगायला तिथलेच प्रकाश भोईर. हे संध्याकाळी चहाबरोबर ऐकायचं गाणं नाही. जेमी एक्सएक्सची ‘इन वेव्हज’ मुलीसाठी ठेवा. ती नाचायची रेकॉर्ड आहे आणि बसून ऐकली तर तिच्यावर अन्याय होतो.

प्रश्न : भाचा फोनवर इलेक्ट्रॉनिक संगीत लावतो. मला नुसती टिकटिक ऐकू येते. बटण दाबणाऱ्याचं यात कर्तृत्व ते काय?
एक वाचक, ठाणे

उत्तर : टिकटिकीचा दोष फोनचा. या संगीतातला बराचसा ऐवज अगदी खालच्या सुरांत असतो. रोलँड कंपनीच्या १९८०च्या टीआर-८०८ या तालयंत्राचा ढोल साधारण ५० हर्ट्झच्या आसपास घुमतो. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला तिथवर उतरताच येत नाही. कोणी तबलजीचा डग्गा काढून घेऊन नुसती चाट ऐकवली, तर तुम्ही तबल्याबद्दल काय मत द्याल? बरे हेडफोन लावा आणि मग भाच्याशी भांडा.

कर्तृत्वाचं म्हणाल, तर चरणजित सिंग यांचं नाव घेतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे मुंबईकर वादक. १९८२ साली त्यांनी तीन रोलँड यंत्रं घेतली : ज्युपिटर-८, ते ८०८, आणि टीबी-३०३. तिसरं यंत्र एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं. त्या कामात ते सपशेल नापास झालं आणि कंपनीने लवकरच बंदही केलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. मींडेची सवय असलेल्या कानाला ती न दिसती तरच नवल. सिंगांनी भैरव, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली आणि ती कोणी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या मुलांनी त्याच टीबी-३०३मधून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार काढला आणि जग नाचलं. सिंगांची रेकॉर्ड पुढे एका डच संग्राहकाच्या हाती लागली आणि २०१०मध्ये नव्याने निघाली. सत्तरी ओलांडलेले सिंग मग परदेशांतल्या मंचांवर जाऊन ती वाजवू लागले. २०१५ साली मुंबईत ते वारले.

शिकागोवाल्यांनी सिंगांवरून उचललं, असं अभिमानाने सांगणारे भेटतात. त्याला आधार नाही. त्यांनी ती रेकॉर्ड ऐकली असण्याची शक्यता फार कमी. एकच यंत्र दोन ठिकाणी दोघांना सापडलं, हेच जास्त मजेचं आहे. रेकॉर्ड ऐका, विशेषतः ललत. राग शुद्ध राहिला आहे का, यावर तुमचं-माझं जमणार नाही. पण बटण दाबलं की ललत आपोआप येत नाही, एवढं मान्य कराल.

प्रश्न : एखादं गाणं आवडलं, तर पैसे गाणाऱ्याला पोचावेत असं वाटतं. ॲपचं वर्गणीशुल्क भरते, तेवढं पुरतं का?
एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणं धरलं जातं, आणि २०२४पासून ज्या गाण्याची वर्षभरात हजार ऐकणीही होत नाहीत त्याला ध्वनिमुद्रणाचं मानधनच मिळत नाही. नव्या, अनोळखी गाणाऱ्यांनाच हे सगळ्यात लागतं. आणि ‘इंडी’ कंपनी म्हणजे धुतल्या तांदळाची, असंही समजू नका. वर ज्याचं नाव आलं त्या फोर टेटला स्वतःच्या जुन्या गाण्यांच्या हिश्श्यासाठी डोमिनो या स्वतंत्र कंपनीविरुद्धच कोर्टात जावं लागलं. ती १८ टक्के देत होती, तो निम्मे मागत होता. २०२२मध्ये तडजोड झाली ती ५० टक्क्यांवर.

सरळ वाट म्हणजे बँडकॅम्प. तिथे गाणं किंवा अख्खी रेकॉर्ड विकत घेता येते, फाइल तुमची होते, आणि डिजिटल विक्रीतून ते १५ टक्के ठेवतात. २०२०च्या मार्चपासून काही ठरावीक शुक्रवारी ते हा हिस्साही सोडून देतात. ‘डायमंड ज्युबिली’सुद्धा नंतर तिथे आली. महिन्याला एकच गाणं घ्या, पण घ्या. आणि कोणतं घेतलंत ते दोन ओळींत आम्हाला कळवा, का आवडलं तेही लिहा. वाचकांनी सुचवलेली गाणी याच सदरात छापू.